दर्यावर घाम, केबिनमध्ये गारवा

शांत बसून राहिलेला माणूससुद्धा साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. आता हिशेब मांडू. ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे अवाढव्य जहाज जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीला निघालं. त्यावर जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी मावतात, शिवाय २,३५० कर्मचारी. म्हणजे दहा हजारांना थोडीच कमी माणसं. ती सगळी हाताची घडी घालून बसली तरी जवळजवळ दहा लाख वॅट! आणि क्रूझवर हाताची घडी घालून बसतं कोण? लोक नाचतात, पोहतात, जिने चढतात, दिवसातून पाचदा खातात. त्यात भर स्वयंपाकघरांची, दिव्यांची, इंजिनांची. डोक्यावर ऊन, खाली कोमट समुद्र, भोवती पोलादाचं कवच. एवढ्या सगळ्या धगीत रात्री केबिनमध्ये पांघरूण ओढून झोपता येतं, हे मला तर जहाजावरच्या घसरगुंड्या आणि नाट्यगृहांपेक्षा मोठं नवल वाटतं.

बटण वर, कारखाना तळाशी

केबिनच्या भिंतीवर थर्मोस्टॅटचं बटण असतं, त्यामुळे एसी केबिनमध्येच आहे असं वाटतं. खरा कारखाना असतो जहाजाच्या पोटात. तिथे चिलर नावाची अवजड यंत्रं गोडं पाणी साधारण ६-७ अंशांपर्यंत गार करतात आणि ते पाणी नळ्यांमधून मजल्यामजल्यावर फिरतं. मोठी हवायंत्रं बाहेरची हवा ओढतात, गाळतात, या पाण्याने गार आणि कोरडी करतात आणि डक्टमधून पुढे पाठवतात. बऱ्याच जहाजांत प्रत्येक केबिनच्या छताआड एक छोटा पंखा आणि गार पाण्याच्या नळीचं वेटोळं बसवलेलं असतं. आपण बटण फिरवतो तेव्हा त्या वेटोळ्यातून किती पाणी जाणार आणि पंखा किती जोरात फिरणार, एवढंच काय ते ठरतं. म्हणून तापलेल्या केबिनमध्ये शिरल्याशिरल्या बटण पार टोकाला नेलं तरी गारवा लवकर येत नाही. त्याला अर्धा-पाऊण तास द्यावाच लागतो.

केबिनमधून काढलेली उष्णता जाते कुठे? सरळ समुद्रात. चिलरचा तापलेला भाग समुद्राच्या पाण्यानेच निववला जातो. म्हणजे आपली केबिन गार राहणं हे बाहेरच्या हवेइतकंच बाहेरच्या पाण्यावरही अवलंबून असतं. अलास्का किंवा नॉर्वेकडच्या गारठलेल्या पाण्यात यंत्रांना फारसे कष्ट पडत नाहीत. अरबी समुद्र मे महिन्यात ३० अंशांच्या आसपास असतो, तिथे त्यांचा घाम निघतो. दुबई-अबुधाबीच्या बाजूला क्रूझचा हंगाम प्रामुख्याने हिवाळ्यात का असतो, याचं अर्धं उत्तर आकाशात आहे आणि अर्धं पाण्यात.

जहाज चालवायला जी वीज लागते, तिच्या खालोखाल वीज लागते ती या गारव्याला. त्यामुळे अभियंते वाया जाणारी प्रत्येक गोष्ट कामाला लावायला बघतात. काही जहाजांत इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारे चिलर आहेत. म्हणजे धगीतून गारवा! तुर्कू ते स्टॉकहोम धावणारी ‘वायकिंग ग्रेस’ ही २०१३ ची फेरी बोट याच्याही पुढची. ती द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालते. हा वायू उणे १६२ अंशांना साठवलेला असतो आणि इंजिनात जाण्याआधी त्याला ऊब द्यावी लागते. तेव्हा सुटणारी थंडी फुकट घालवण्याऐवजी या बोटीने ती वातानुकूलनाकडे वळवली. ही युक्ती ज्याला सुचली त्याला सलाम.

दीड टन म्हणजे किती बर्फ?

घरी आपण ‘दीड टनाचा एसी’ म्हणतो. तो टन यंत्राच्या वजनाचा नाही, बर्फाचा आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता काढणारं यंत्र एक टनाचं. घरचा हिशेब एक-दोन टनांत मावतो, मोठ्या क्रूझ जहाजाचा हजारो टनांत जातो.

आणि एके काळी खरोखरच बर्फाचे टन जहाजांतून यायचे, तेही आपल्याकडे. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ मध्ये अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ कापून ‘टस्कनी’ जहाजातून कोलकात्याला पाठवला. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांनी त्यातला निम्म्याहून अधिक बर्फ शाबूत उतरला. गुपित काय? बर्फ गच्च रचलेला आणि हवा शिरू नये म्हणून चांगला गुंडाळलेला. पुढच्याच वर्षी अमेरिकेचा बर्फ मुंबईलाही पोचला आणि मग शहरात बर्फघर उभं राहिलं. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि पाहुण्यांना पडसं झालं, ही गोष्ट तेव्हापासून मुंबईच्या इतिहासात मोठ्या चवीने सांगितली जाते.

गच्च बंद ठेवलं की गारवा टिकतो, हे बर्फाने शिकवलं. केबिनलाही तेच लागू आहे.

बाल्कनीचं दार

अनेक नव्या जहाजांत बाल्कनीचं दार उघडलं की केबिनचा एसी आपोआप बंद होतो. चौकटीत चुंबकाचा एक छोटा सेन्सर असतो. दार सरकलं की तो यंत्राला खबर देतो. खूप जणांना वाटतं एसी बिघडला, ते स्वागतकक्षाला फोन करतात, आणि तंत्रज्ञ येऊन दार नीट लावून जातो. तेव्हा तक्रार करण्याआधी दाराची मूठ शेवटपर्यंत फिरली आहे का, ते बघा. पडद्याचं टोक फटीत अडकलेलं असलं तरी दार पुरतं लागत नाही.

हा सेन्सर केवळ विजेच्या बचतीसाठी नाही. बाहेरच्या दमट हवेत पाण्याची वाफ ठासून भरलेली असते. ३५ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असलेली हवा २८-२९ अंशांपर्यंत खाली आली तरी तिच्यातून पाणी सुटायला लागतं. बावीस अंशांच्या केबिनमध्ये ती शिरली की भिंत, आरसा, छतातली जाळी, सगळ्यांना घाम फुटतो. गालिचा ओलसर होतो, कोंदट वास येतो. गारव्याचं अर्धं काम तापमान उतरवणं असतं आणि अर्धं हवेतलं पाणी काढणं. दुसरं काम कमी पडलं तर २२ अंशांतही अंग चिकट वाटतं.

हे काढलेलं पाणी थोडंथोडकं नसतं. मोठ्या जहाजांवर ते गोळा करून कपडे धुण्याच्या विभागाकडे पाठवण्याची पद्धत आहे. म्हणजे ज्या टॉवेलने आपण तोंड पुसतो, तो कदाचित कालच्या दमट हवेतूनच धुऊन निघालेला असतो!

जहाजांच्या वातानुकूलनाचं एक आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आयएसओ ७५४७. बाहेर ३५ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना आत २७ अंश आणि ५० टक्के राखता आली पाहिजे, असं ते सांगतं. क्रूझ कंपन्या यापेक्षा बरंच गार ठेवतात, पण हे आकडे वाचताना माझं लक्ष आर्द्रतेकडेच जातं. सत्तरवरून पन्नासवर! मुंबईच्या ऑक्टोबर हीटमध्ये ज्याने दिवस काढले आहेत, त्याला या वीस टक्क्यांची किंमत वेगळी सांगायला नको.

हवा येते छतातून, जाते न्हाणीघरातून

केबिनमध्ये हवेचा एक ठरलेला रस्ता असतो. ती छतातल्या जाळीतून आत येते, खोलीभर फिरते, न्हाणीघराच्या दाराखालच्या फटीतून आत शिरते आणि तिथल्या जाळीतून बाहेर ओढली जाते. म्हणून न्हाणीघराचा वास केबिनमध्ये येत नाही. ही फट टॉवेलने किंवा बॅगेने बुजवली की सगळी साखळी अडते. छतातल्या जाळीपुढे हँगर लटकवले तरी तेच.

हवेच्या या रस्त्याचा एक मस्त फायदा आहे. पोहण्याचे ओले कपडे केबिनमध्ये खुर्चीवर पसरू नका, नाहीतर ओलावा तुमच्याच हवेत मिसळतो. बऱ्याच जहाजांच्या न्हाणीघरात, शॉवरच्या वर, ओढून काढायची बारीक दोरी असते. तिथे कपडे वाळत घाला. ओलावा सरळ वरच्या जाळीतून बाहेर.

आणखी एक गोष्ट प्रवाशाला दिसत नाही. आग पसरू नये म्हणून प्रवासी जहाज लांबीच्या दिशेने साधारण ४०-४८ मीटरच्या भागांत विभागलेलं असतं आणि हवेची व्यवस्थाही त्याप्रमाणे भागाभागांची असते. त्यामुळे एका टोकाच्या केबिन गार आणि दुसऱ्या टोकाच्या कोमट, असं होऊ शकतं. शेजाऱ्यांना विचारा. त्यांच्याकडेही उकडत असेल तर दोष भागाच्या यंत्रात, फक्त तुमच्याकडे असेल तर तुमच्या छतातल्या झडपेत. तंत्रज्ञाला हे नेमकं सांगितलं तर काम पटकन होतं.

भिंतीला चुंबक लावून बघा

चिकटतं! केबिनच्या भिंती बहुधा पातळ पोलादी पत्र्यांच्या असतात, दोन पत्र्यांच्या मध्ये खनिज लोकर भरलेली. ती आग अडवते, आवाज अडवते आणि उष्णताही अडवते. सराईत प्रवासी म्हणून चुंबकाचे हुक सोबत नेतात. ओली टोपी, ओळखपत्र, छोटा बॅटरीवरचा पंखा, सगळं भिंतीवर.

आणि ही केबिन जहाजात बांधली जात नाही. फिनलंडमध्ये तुर्कूजवळ पीक्किओ इथे केबिन बनवण्याचा कारखाना आहे. तिथून पलंग, कपाट, न्हाणीघर, दिवे असं सगळं बसवलेली केबिन निघते आणि जहाजाच्या सांगाड्यात आडवी सरकवली जाते. मग तिचं पाणी, वीज आणि हवा जोडली जाते. ‘आयकॉन’ बांधणारी गोदी तुर्कूचीच.

डावीकडची घेऊ की उजवीकडची?

आरक्षण करताना सगळे मजला आणि भाडं बघतात. बोटीचं तोंड कुठे असेल, हे फार कमी जण बघतात. गारव्यासाठी ते बघायलाच हवं.

मुंबई-गोवा घ्या. बोट मुंबईहून दक्षिणेकडे निघते. डाव्या हाताला पूर्व, म्हणजे कोकणचा किनारा. उजव्या हाताला पश्चिम, म्हणजे मोकळा समुद्र. दुपारी निघालेल्या बोटीत सूर्यास्तापर्यंतचं सगळं ऊन उजव्या बाजूच्या काचा खातात. परत येताना उलट, तेव्हा डावी बाजू तापते. सूर्यास्त बघायचा असेल तर जाताना उजवी बाजू घ्या आणि पडद्यांची तयारी ठेवा. डुलकी काढायची असेल तर डावी. ‘कॉर्डेलिया’ या क्रूझ कंपनीची ‘एम्प्रेस’ ही बोट २०२१ पासून मुंबईहून सफरी करते. तिचा जन्म १९९० चा, ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने. त्या काळच्या जहाजांना बाल्कन्या थोड्या असत, त्यामुळे तिच्यावरच्या बहुतेक केबिन खिडकीच्या किंवा आतल्या आहेत. आणि आतली केबिन, जिला खिडकीच नाही, ती थंड ठेवायला सगळ्यात सोपी. तिला ऊनच लागत नाही. माणसं तिला स्वस्तातली म्हणून नाकं मुरडतात. उन्हाळ्यात मी तिची बाजू घेईन.

पोहण्याच्या तलावाच्या लगेच खालच्या मजल्यावर दिवसभर तापलेल्या डेकची धग उतरते. मधल्या भागातल्या खालच्या मजल्यावरच्या केबिन गारही असतात आणि कमी हलतातही. ज्याला बोट लागते त्याच्यासाठी हे सोन्याहून पिवळं, कारण उकाडा आणि कोंदटपणा मळमळ वाढवतात.

तांबड्या समुद्रातली रात्र

एसी नव्हता तेव्हा काय करायचे? मला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण गारव्यासाठी माणसाने काय काय करून पाहिलं ते इथे दिसतं.

शिडाच्या जहाजांवर कापडाची एक लांब नळी दोरांनी टांगायचे. वरचं तोंड वाऱ्याकडे उघडं, खालचं टोक थेट जहाजाच्या पोटात. वारा पडला की नळी लोळागोळा. मग १७४३ मध्ये स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मगुरूने हाताने चालवायच्या मोठ्या भात्यांवर पुस्तक लिहिलं. हे भाते जहाजातली कोंदलेली हवा बाहेर काढत. हेल्स म्हणजे तोच, ज्याने घोड्याचा रक्तदाब पहिल्यांदा मोजला. त्याच सुमाराला लंडनच्या सॅम्युएल सटनने वेगळाच मार्ग काढला. चूल पेटती राहायला हवा ओढते, मग ती हवा तळाकडूनच ओढून घेऊ द्या! जहाजाच्या भटारखान्यातल्या चुलीला त्याने तळापर्यंत नळ्या जोडल्या. स्वयंपाक होता होता तळ हवेशीर.

वाफेच्या बोटींच्या काळात मुंबईच्या प्रवाशांची खरी परीक्षा तांबड्या समुद्रात व्हायची. सुवेझ सोडल्यावर दोन्ही बाजूंना वाळवंट, उन्हाळ्यात पाणी तिशीच्या पुढे. बोटीच्या वेगानेच वारा पाठीमागून येत असला की डेकवर पान हलायचं नाही. ताशी ३७ किलोमीटरने, म्हणजे २० नॉट्सने जाणाऱ्या बोटीला मागून तेवढाच वारा असेल तर बोटीवरच्या माणसाच्या दृष्टीने वारा शून्य. त्या काळच्या प्रवासवर्णनांत असं येतं की अशा वेळी कप्तान बोट चक्क उलटी वळवायचे आणि काही वेळ वाऱ्याच्या तोंडाला धरायचे, लोकांना श्वास घेता यावा म्हणून. रात्री गाद्या डेकवर यायच्या. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. पहाटे खलाशी डेक धुवायला आले की सगळ्यांनी गाशा गुंडाळायचा.

हे खलाशी बऱ्याचदा आपल्याकडचेच असत. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवर गुजरातचे आणि रत्नागिरीकडचे खलाशी, जेवणाच्या दालनात गोव्याचे स्टुअर्ड, आणि खाली बॉयलरपाशी पंजाब-सरहद्दीकडचे आगवाले. वरच्या दालनात टेबलांवर लांब झालरींचे पंखे टांगलेले असायचे आणि पोरं दोऱ्या ओढून ते हलवायची. प्रवाशांच्या प्रत्येक झुळकीमागे कुणाचा तरी हात दुखत असे. आणि आगवाल्यांच्या वाट्याला तर ती झुळूकही नव्हती. प्रवासी उकाड्याची वर्णनं पानं भरभरून लिहून गेले. ज्यांनी त्याहून जास्त सोसलं त्यांनी लिहिलेलं फारसं मागे उरलं नाही, याची मला नेहमी रुखरुख वाटते.

केबिनला हवा देण्याचं काम तेव्हा बाजूच्या गोल खिडकीचं, पोर्टहोलचं. तिच्यात पत्र्याचा एक वाकडा पन्हळ बसवायचे. तो बाहेर डोकावून वारा पकडायचा आणि आत ढकलायचा. मराठी माणसाला पोर्टहोल माहीत आहे तो ‘मोरिया’ बोटीचा, ज्यातून स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ८ जुलै १९१० ला मार्सेलिसच्या बंदरात उडी टाकली. आजच्या क्रूझ जहाजांच्या केबिनला काच मोठी असते, पण बाल्कनी नसेल तर ती उघडत नाही.

आतल्या केबिनला खिडकी कशी द्यायची? लिव्हरपूल ते रंगून बोटी चालवणाऱ्या बिबी कंपनीने झकास तोडगा काढला. केबिनला काटकोनात एक अरुंद बोळ जोडला, तो थेट बाजूच्या भिंतीपर्यंत नेला आणि त्याच्या टोकाला पोर्टहोल बसवला. आतल्या माणसालाही हवा आणि उजेड! अशा केबिनला जगभर ‘बिबी केबिन’ म्हणायला लागले.

ग्लासगोच्या थर्मोटँक कंपनीने यंत्राने हवा केबिनपर्यंत पोचवली आणि हवा हवी तिकडे वळवता येईल असं गोल फिरणारं तोंडही दिलं. त्याला ‘पंखा लूव्हर’ म्हणतात. विमानात डोक्यावर जे फिरवतो ना, ते त्याचंच भावंड. दोऱ्या ओढणाऱ्या त्या पोरांची आठवण अशी जगभरच्या छतांत राहिली आहे.

पी अँड ओने १९३१-३२ मध्ये ‘स्ट्रॅथनेव्हर’ आणि ‘स्ट्रॅथेअर्ड’ या बोटी आणल्या त्या पांढऱ्याशुभ्र रंगाच्या. त्याआधी कंपनीच्या बोटी काळ्या असत. पांढरा रंग ऊन परतवतो, हे कौलांना चुना फासणाऱ्याला सांगावं लागत नाही. फ्रान्सच्या ‘नॉर्मांदी’वर १९३५ मध्ये पहिल्या वर्गाचं भोजनदालन वातानुकूलित होतं. सुमारे ९३ मीटर लांब, आणि एकही खिडकी नाही! केबिनपर्यंत गारवा सर्रास पोचायला मात्र दुसरं महायुद्ध संपावं लागलं. १९५१ च्या ‘इंडिपेंडन्स’ आणि ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकन बोटी पूर्ण वातानुकूलित होत्या, आणि १९५२ ची ‘युनायटेड स्टेट्स’ही.

कोकणच्या किनाऱ्याने धावणाऱ्या बोटींच्या प्रवाशांना यातलं काही नव्हतं. डेकवर सतरंजी, डोक्यावर आभाळ. पण वाऱ्याची कमतरता नव्हती.

बंद पडला तर?

१० फेब्रुवारी २०१३ ला मेक्सिकोच्या आखातात ‘कार्निव्हल ट्रायम्फ’च्या इंजिनखोलीत आग लागली. कुणाला इजा झाली नाही, पण वीज गेली आणि तिच्याबरोबर एसीही. चार हजारांहून जास्त माणसं अडकली. आतल्या केबिन काही तासांत असह्य झाल्या. लोकांनी काय केलं? गाद्या उचलल्या आणि डेकवर नेल्या. चादरींचे तंबू केले. टगबोटींनी ओढत ओढत ते जहाज अलाबामातल्या मोबील बंदरात आणेपर्यंत चार दिवस गेले. तांबड्या समुद्रातल्या त्या प्रवाशांना हे दृश्य अगदी ओळखीचं वाटलं असतं.

मुद्दाम गारठायला

आता जरा मौज. समुद्रावरचा पहिला बर्फाचा स्केटिंग रिंक १९९९ मध्ये ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’वर आला. बाहेर कॅरिबियनचं ऊन, आत बर्फावर गिरक्या. ‘नॉर्वेजियन एपिक’वर २०१० मध्ये बर्फाचा बार होता, उणे आठ अंशांचा. प्रवाशांना आत जाताना जाड डगला देत. ‘वायकिंग स्टार’वर २०१५ पासून चक्क हिमाची खोली आहे. वाफेच्या खोलीतून निघायचं आणि भुरभुरत्या हिमात उभं राहायचं, ही नॉर्डिक लोकांची जुनी आवड. सह्याद्रीतल्या माणसाला तिथे दोन मिनिटं पुरतील.

बॅगेत काय टाकाल, काय काढाल

कपडे वाळत घालायचे चार चिमटे टाका. पडद्यांच्या मधली फट त्यांनी मिटते आणि सकाळचं ऊन पलंगावर येत नाही. बाहेर फिरायला निघताना पडदे ओढून जा, त्याने जितका फरक पडतो तितका बटणाने पडत नाही. चुंबकाचे हुक आणि छोटा बॅटरीवरचा पंखा घ्या, मात्र पंख्याबद्दल प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा, तो आधी वाचा. काही कंपन्या मागितल्यावर पंखा देतात.

सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड, इस्त्री, पाण्याची किटली, मेणबत्ती आणि उदबत्ती घरीच ठेवा. जहाजावर आगीइतकी भीती कशाचीच नसते. केबिनमध्ये शिरताना कार्ड खाचेत घालावं लागत असेल तर ते काढल्यावर दिवे जातात, काही जहाजांवर एसीसुद्धा मंदावतो, हे लक्षात ठेवा.

केबिनमधला छोटा फ्रिज बहुधा घरच्यासारखा गार करत नाही, तो नुसता थंडसर ठेवतो. इन्सुलिन किंवा दुसरं थंड ठेवायचं औषध असेल तर चढल्याबरोबर जहाजाच्या दवाखान्यात किंवा स्वागतकक्षात सांगा. हे काम उद्यावर ढकलू नका.

आणि एक पातळ शाल हवीच. जहाजावरची नाट्यगृहं आणि भोजनदालनं मुद्दाम जास्त गार ठेवलेली असतात. खेळ सुरू होताना दहा मिनिटांत हजार माणसं आत येतात, प्रत्येक जण आपापले शंभर वॅट घेऊन. ती धग चढायच्या आधीच दालन गार करून ठेवावं लागतं. सगळ्यात आधी येऊन पुढची खुर्ची धरणाऱ्याला त्यामुळे थंडी वाजते. आजी-आजोबांसाठी पायमोजेही घ्या, कारण गार हवा जड असते आणि ती खुर्च्यांखाली, पायांपाशीच साचते.